शास्त्रज्ञ व्हायचंय ना? मग घरी कशाला जाता?

सगळ्यात आधी ते घड्याळ काढून ठेवा, ते नोकरी करणाऱ्यांसाठी असतं, तुम्ही तर पॅशन करताय. पॅशनला ओव्हरटाईम नसतो आणि तो मागायचाही नाही, मागितलात की तुमचं विज्ञानावर प्रेमच नाही हे लगेच सिद्ध होतं, तेही तुलनेला कंट्रोल ग्रुप न ठेवता.

दुसरं म्हणजे काम किती केलं याला कोणी विचारत नाही, लॅबमध्ये किती वेळ दिसलात ते बघतात. दुपारभर टाईमपास करा हवं तर, पण रात्री नऊला पीएचडीचे गाईड चक्कर मारतील तेव्हा सेंट्रिफ्यूज, म्हणजे ट्यूब गरगर फिरवणारं यंत्र, फिरत असला पाहिजे, रिकाम्या ट्यूब घातल्या तरी चालतील, फक्त समोरासमोर नीट लावा, आयुष्यात नाही तर निदान रोटरमध्ये तरी बॅलन्स हवा. दर चार तासांनी सॅम्पल घ्यायचं असेल तर एक बरोब्बर रात्री तीनला येईल असं बघा. ई. कोलाय बॅक्टेरियांची संख्या 20 मिनिटांत दुप्पट होते, त्यांना रविवार कळत नाही, मग तुम्हालाच कसा काय कळतो?

खरी मजा 96 वेलच्या, म्हणजे 96 छोट्या खळग्यांच्या, प्लेटची. रात्री दोनला पाण्यासारखं द्रावण पाण्यासारख्याच द्रावणात टाकत जायचं आणि मध्येच डोळा लागल्यासारखं होतं, डी7 खळगा झाला की डी8? मग प्लेट उजेडात तिरकी धरून बघायची, काही कळत नाही, "झालं असेल" म्हणायचं आणि पुढे. ग्राफमध्ये एरर बार, म्हणजे आकड्यांतला फरक दाखवणाऱ्या रेघा, छताला टेकले की सगळं परत करायचं, अजून तीन रात्री. तास असेच भरतात हो! 1997 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं होतं की 17 तास जागलेला माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा काम करतो, पण लॅबमध्ये पिऊन आलात तर हाकलतील आणि जागून आलात तर कौतुक, तेव्हा जागाच, स्वस्तही पडतं.

ज्युनियरांसमोर इतिहास मात्र काढू नका. फ्लेमिंग 1928 मध्ये सुट्टीवरून परत आला तर प्लेटवर बुरशी, त्यातून पेनिसिलिन. डार्विनचं रोजचं काम जेमतेम चार-पाच तास, बाकी वेळ फिरणं, पत्रं आणि पडून राहणं. अणूचं केंद्र शोधणारा रदरफोर्ड तर संध्याकाळी सहाला लॅब बंद करायला लावायचा, घरी जाऊन विचार करा म्हणे! त्याच्या हाताखालून नोबेलवाले किती निघाले ते मोजत बसू नका, उगाच डोकं फिरतं.

घरच्यांसाठी "हा पेपर सबमिट झाला की" हे वाक्य पुरतं. पेपर जर्नलकडे गेला की दुरुस्त्यांची रिव्हिजन येते, रिव्हिजन संपली की ग्रँटची डेडलाईन, वाक्य बदलावं लागत नाही. पोरं तोवर मोठी होतात, तीही तेच बोलायला शिकतात.

आणि उद्या स्वतः गाईड झालात की वर्क-लाईफ बॅलन्सवर एक वर्कशॉप ठेवा. रविवारी सकाळी ठेवा, हजेरी कंपल्सरी.