पंचनाम्यावर न केलेली सही

गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर आमचा पाचसहा जणांचा कंपू आहे. चालणं तीन फेऱ्या, बोलणं तासभर. परवा विषय रशियाने बळकावलेल्या युक्रेनच्या मुलखावर गेला आणि एचएएलच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले आमचे एक काका एकदम तापले. "आयुष्य गेलं माझं ओझरला मिग आणि सुखोई जोडण्यात. गोव्याच्या वेळी सुरक्षा परिषदेत आपल्यासाठी व्हेटो कुणी वापरला? एकाहत्तरला मागे कोण उभं होतं? आणि तुम्ही लोक त्यांनाच चोर म्हणता!"

काकांचं यातलं काहीच खोटं नाही. तरी मी म्हणालो, "काका, उपकार मान्य, पण बांध कोरला तो कोरलाच." तेवढ्यात कुणीतरी चहाचं काढलं आणि विषय तिथेच राहिला. म्हणून इथे लिहितोय.

मी मूळचा निफाड तालुक्यातला. बांध कोरणं म्हणजे काय हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी कळतं. नांगरट करताना दरवर्षी एकच तास जास्तीचं घ्यायचं. ज्या बांधावरून आजोबांची बैलगाडी जायची, तिथे आता पाय ठेवला की ढेकूळ ढासळतं. आणि विचारलं की उत्तर ठरलेलं: "आमच्या आज्याच्या वेळेला हे आमचंच होतं."

रशियाने २०१४ मध्ये युक्रेनकडून घेतलेल्या क्रिमिया या काळ्या समुद्रातल्या द्वीपकल्पाबद्दलही हेच ऐकायला मिळतं. १९५४ साली ख्रुश्चेव्हच्या काळात तो युक्रेनला जोडला, मुळात रशियाचाच होता म्हणे. असेल. पण पुढे डिसेंबर १९९४ मध्ये बुडापेस्टला रशियानेच सही केली, की युक्रेनच्या आहेत त्या सीमा आम्ही मानू. त्या कागदाच्या भरवशावर युक्रेनने अण्वस्त्रं सोडून दिली. बरं, आज्याचंच काढायचं तर तिथले तातार त्याहून जुने. १९४४ मध्ये स्टालिनने अख्खा समाज रेल्वेच्या डब्यांत कोंबून मध्य आशियात पाठवला. त्यांचा सातबारा कुणी काढत नाही.

२७ फेब्रुवारी २०१४ ला बिल्ले नसलेल्या गणवेशातली हत्यारबंद माणसं क्रिमियाची राजधानी सिम्फेरोपोल इथल्या संसदेत शिरली. ती आमची नाहीतच, असं पुतिन आधी म्हणाले. पुढे कबूल केलं. १६ मार्चला सार्वमत, त्यात ९६ टक्क्यांहून जास्त मतं रशियाच्या बाजूने, आणि १८ मार्चला विलीनीकरणाचा करार. तातारांच्या नेत्यांनी बहिष्कार टाकला होता. आपल्या नाशिक जिल्ह्याच्या जवळपास पावणेदोन पट मुलूख वीस दिवसांच्या आत नावावर. आधी नांगर, मग फेरफार.

एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही, पण मला कॅनॉलवाल्या गावचा म्हणून ती लगेच डोळ्यात भरते. क्रिमियाला नीपर नदीचं पाणी कालव्याने यायचं, गरजेच्या साधारण ८५ टक्के. युक्रेनने २०१४ मध्ये ते तोडलं. जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की आपल्याकडे काय रण माजतं ते आठवा, आणि इथे तर आवर्तनच पुरतं बंद. तिथली भातशेती गेली. खरं सांगतो, मला ते पटलं नव्हतं. शेतकऱ्याने कुणाचा बांध कोरला होता? २०२२ मध्ये रशियन फौजा आत घुसल्या तेव्हा तो कालवा मोकळा करणं हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक होतं.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला डोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया, खेरसॉन असे युक्रेनचे चार प्रांत रशियाने एका दमात जोडले. त्यातला बराच भाग तर हातातही नव्हता. खेरसॉन शहर दीड महिन्यात युक्रेनकडे परत गेलंसुद्धा. उताऱ्यावर नाव एकाचं, वहिवाट दुसऱ्याची. आमच्या तालुक्यातल्या वकिलांची घरं असल्याच दाव्यांवर चालतात.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत दोन्ही वेळा मतदान झालं. २०१४ मध्ये १०० देश क्रिमियाच्या विलीनीकरणाविरुद्ध, ११ बाजूने, ५८ तटस्थ. २०२२ मध्ये १४३, ५ आणि ३५. दोन्ही वेळा आपण तटस्थांत.

यावर मी आवाज चढवू शकत नाही, कारण मी स्वतः एकदा तटस्थ राहिलोय. गावात आमच्या शेजारच्या गटाची मोजणी होती. मोजणीदार आला, साखळी-टेबल मांडलं, आणि जुना दगड सापडला तो मोठ्या बागाईतदाराच्या द्राक्षाच्या तिसऱ्या ओळीत, ड्रिपच्या नळीखाली. सगळ्यांनी पाहिला. पंच म्हणून सही करायला मला बोलावलं होतं. त्या उन्हाळ्यात आमची बाग त्याच बागाईतदाराच्या टँकरवर जगत होती. मी म्हणालो, "मला नाशिकला जायचंय, उशीर होतोय."

देशाला तेल लागतं, विमानांचे सुटे भाग लागतात. सही केली नाही हे मी समजू शकतो. पण दगड दिसलाच नाही असं म्हणू नका, आणि ज्याचा बांध गेला त्यालाच "जाऊ दे, मिटवून टाक" असं शहाणपण शिकवू नका. आमच्या ट्रॅकवर रोज तेच चालतं.

ज्याची मोजणी होती ते अण्णा मला कधी काही बोलले नाहीत. दिवाळीला गावी गेलो की मळ्यात जायला त्यांच्या बांधावरची वाट जवळची पडते. मी पाटाकडून फिरून जातो.