आरएक्सचं इंजिन : ‘बसलं म्हणजे तेच’ असं नसतं

तुम्ही कराडहून लिहिलंय आणि चिडून लिहिलंय. मुद्दे असे : यामाहाची आरएक्स १०० नव्याने उभी करताना दुसरं, वापरलेलं इंजिन कसं पारखायचं यावर मी उगाच पाल्हाळ लावलं. इंजिन नंबर १एल१ने सुरू होतोय एवढं दिसलं की इंजिन आरएक्स १००चंच. समजा यामाहाच्याच आरएक्स १३५चं निघालं तरी फ्रेममध्ये बसतंच, तुमच्या मिस्त्रींनी कितीतरी बसवलीत. कागदपत्रं कोण बघतंय? हे सगळं म्हणजे हौशी लोकांची नाटकं. आणि शेवटी, भंगारवाला काय हेड (सिलिंडरवरचं झाकण) काढू देणार आहे का?

बसतं, हे मान्य. मुद्दाम १३५चं इंजिन टाकून फिरणारे आमच्या सांगलीतही ढिगाने आहेत, आणि मला त्याचं वावडं नाही. पण जे बसवतोय ते नक्की काय आहे, हे पैसे मोजायच्या आधी कळायला नको का? नाहीतर पिस्टन किट आणायला दुकानात गेल्यावर ‘कुठल्या गाडीचं?’ या साध्या प्रश्नाला उत्तर नसतं.

आता तो १एल१चा मुद्दा, कारण खरी गफलत तिथेच आहे. नंबर ठोकलेला असतो क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या खोक्यावर). म्हणजे तो सांगतो फक्त केसची ओळख. वरचा ब्लॉक (सिलिंडर) कुठला, आत क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) कुठली, गिअर कुठले, यातलं काहीही तो सांगत नाही. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात निघाली. म्हणजे सगळ्यात तरुण इंजिनसुद्धा आता जवळजवळ तिशीचं झालंय. एवढ्या वर्षांत ते किती हातांनी उघडलं, कुणी कुठला भाग कुठे घातला, याचा हिशेब त्या नंबरात नसतो.

म्हणून हेड काढायचं. आरएक्स १००चा बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ५०. १३५चा बोअर ५८, स्ट्रोक मात्र तोच ५०. त्यामुळे नुसता स्ट्रोक मोजून दोन्हींत फरक कळणार नाही, बोअरच मोजावा लागतो. हिशेब शाळेतलाच आहे. बोअर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, स्ट्रोकने गुणा, मग ०.७८५४ने गुणा. ५ गुणिले ५ गुणिले ५ गुणिले ०.७८५४ म्हणजे ९८ सीसी. ५ च्या जागी बोअर ५.८ धरला की उत्तर येतं १३२. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) नसेल तर कुपवाडच्या एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडे मागा, तो चहा होईपर्यंत मोजून देतो.

मोजतानाही एक मेख आहे. बोअरच्या अगदी वरच्या कडेला, जिथे रिंग पोचत नाही, तिथे एक माप घ्यायचं आणि खाली रिंग घासते तिथे दुसरं. वरच्या मापावरून ब्लॉक मुळात केवढ्याचा कापलाय ते कळतं, दोन्हींतल्या फरकावरून किती झिजलाय ते. पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन पितळी ब्रशने हलकेच काढलात तर ओव्हरसाइजचा, म्हणजे झिजलेला बोअर कापून किती मोठा केलाय त्याचा, आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात उमटलेला दिसतो : २५, ५०, ७५ किंवा १००. माझ्या एका मित्राने मिरजेत १एल१वालं इंजिन घेतलं होतं. नंबर अस्सल, कागद अस्सल. हेड उघडलं तर माथ्यावर १००. म्हणजे बोअर ५१ला पोचलेला, पुढचा ओव्हरसाइज नाही, लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) नवा बसवण्याशिवाय गत्यंतर नाही. विकणारा खोटं बोलला नव्हता. इंजिन आरएक्स १००चंच होतं, पण जो भाव दिला त्यातलं नव्हतं.

गिअर मोजायला तर इंजिन उघडावंही लागत नाही. पुढचं चेन स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) हाताने फिरवत गिअर टाकत जायचं. आरएक्स १००ला चार. पाचवा पडला तर आत दुसऱ्याचं पोट आहे.

याहून वाईट प्रकार म्हणजे दोन वेगळ्या केसचे अर्धे भाग जोडून केलेलं इंजिन. डावी आणि उजवी केस कारखान्यात जोडीनेच मशिनिंग होते. एकाची डावी, दुसऱ्याची उजवी लावली तर बेअरिंगची घरं एका रेषेत येतीलच याची खात्री नाही. मग गाडी चालू होते, पण गुरगुरते, आणि ऑइल सील बदलून बदलून माणूस कंटाळतो. ओळखायची खूण सोपी आहे. ब्लॉक जिथे केसवर बसतो त्या तोंडावर, दोन्ही भागांच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख आडवं फिरवा. नख अडकलं की इंजिन खाली ठेवा. जोडी एकत्र सपाट केलेली असते, तिथे पायरी लागायला नको.

आमच्या भागात आणखी एक भानगड आहे, जी तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. २०१९च्या महापुरात सांगलीतल्या किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आठवा, शिवाय २००५ आणि २०२१ आहेतच. त्यातली इंजिनं कुठे गेली असतील? बाहेरून रॉकेलने धुतलेलं, चकचकीत अ‍ॅल्युमिनियम पेंट मारलेलं इंजिन दिसलं की मी आधी मॅग्नेटोचं (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाचं) कव्हर काढायला सांगतो. आतल्या फ्लायव्हीलच्या (जड चाकाच्या) मागे, स्क्रूंच्या खाचांत कृष्णेचा बारीक गाळ अजून बसलेला असतो. टू स्ट्रोकमध्ये क्रँकची बेअरिंगं पेट्रोलमधून येणाऱ्या ऑइलवरच जगतात. पाणी शिरून तशीच पडून राहिली की गंजाचे खड्डे पडतात, आणि ते क्रँक उघडल्याशिवाय दिसत नाहीत.

‘कागद कोण बघतंय?’ हे मात्र तुम्ही नसतं लिहिलं तर बरं झालं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार इंजिन बदललं तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवायला जाल तेव्हा इंजिन नंबर तपासतातच. विमा पॉलिसीवरही तोच नंबर असतो. आणि चोरीच्या गाडीचं इंजिन पदरात पडलं तर भंगारवाला ओळख दाखवणार नाही, निस्तरायचं तुम्हालाच. म्हणून नंबराची जागा पेट्रोलच्या फडक्याने पुसून नीट बघा. कानशीचे ओरखडे, कडेपेक्षा खोलगट झालेली पट्टी, एखादा आकडा जास्त खोल ठोकलेला, असलं काही दिसलं तर भाव विचारूच नका. विकणाऱ्याकडून मूळ आरसीची प्रत आणि लेखी विक्रीपत्र घ्या, कागदावर पेन्सिल घासून नंबराचा छाप काढा आणि आरसीशी ताडून बघा.

हौशी लोकांची नाटकं म्हणालात, तर हौशींसाठी एक गोष्ट सांगतो. २०२१च्या नियमानुसार ५० वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राहिलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पहिल्या आरएक्स १०० तिथे २०३५ला पोचतील. इंजिनात मोठे फेरफार झालेली गाडी त्यात धरत नाहीत. ज्याला गाडी रोज मार्केट यार्डात न्यायचीय त्याला याच्याशी कर्तव्य नाही, हे मलाही पटतं.

राहिला हेड काढू देण्याचा प्रश्न. काही जण देतात, विशेषतः पाना आपण घेऊन गेलो आणि उघडलेलं परत बसवून देतो म्हणालो तर. जो नाहीच म्हणतो त्याला सरळ सांगायचं, की मी आत काहीच नाही असं धरून फक्त केसचा भाव देईन. पटलं तर घ्या, नाहीतर पुढच्या दुकानात जा. तुमच्या मिस्त्रींनाही हेच विचारून बघा. त्यांनी बसवलेल्या १३५ इंजिनांपैकी किती त्यांनी स्वतः उघडून घेतली आणि किती गिऱ्हाईकाने आणून दिली, एवढं कळलं तरी मला पुष्कळ आहे.