अॅमेझॉन आणि तो २० टक्के प्राणवायू

अॅमेझॉनमध्ये वणवे पेटल्याची बातमी आली की दोन-तीन दिवसांत तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो: ‘अॅमेझॉनचं जंगल म्हणजे पृथ्वीचं फुप्फुस. जगातला २० टक्के प्राणवायू तिथे तयार होतो. ते जळालं तर आपण सगळे गुदमरून मरू.’ भाबडेपणाने तो पुढे ढकलणाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये खुद्द फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी हाच आकडा ट्विटरवर दिला होता. सोबत जोडलेलं आगीचं छायाचित्र तर २००३ मध्ये वारलेल्या छायाचित्रकाराने काढलेलं होतं!

जंगल टिकावं असं मलाही वाटतं. पण चुकीच्या कारणावर उभी केलेली बाजू कुणीही एका वाक्यात पाडू शकतो, आणि इथे नेमकं तेच होतं.

आधी तो २० टक्क्यांचा आकडा. ऑक्सफर्डचे परिसंस्था-शास्त्रज्ञ यादविंदर मल्ही यांच्या अंदाजानुसार जमिनीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणात अॅमेझॉनचा वाटा साधारण १६ टक्के आहे. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतीही हिशोबात धरल्या तर तो ९ टक्क्यांच्या आसपास येतो. बरं, ही झाली नुसती जमेची बाजू. झाडंही श्वसन करतात, रात्रंदिवस करतात, आणि तयार केलेल्यातला निम्म्याहून जास्त प्राणवायू स्वतःच वापरतात. उरलेला कोण खातं? खाली पडलेली पानं, फांद्या, खोडं कुजवणारे जिवाणू, बुरशी, वाळवी. वर्षावनातल्या उष्ण, दमट हवेत हे काम झपाट्याने चालतं. वर्षाअखेर वही मिटवताना शिल्लक जवळजवळ शून्य.

मग हवेतला प्राणवायू आला कुठून? तो पूर्वजांनी साठवलेल्या ठेवीसारखा आहे. साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी, सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या कृपेने, तो हवेत साचायला लागला. वनस्पतींनी बनवलेला थोडासा कार्बन न कुजता समुद्रतळाच्या गाळात गाडला गेला की तेवढा प्राणवायू हवेत शिल्लक राहतो. कोट्यवधी वर्षं हे थेंबे थेंबे साचत आलं आहे.

‘फुप्फुस’ या उपमेवर फार वेळ घालवायला नको. फुप्फुस प्राणवायू आत घेतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. उपमाच उलटी आहे.

आता गुदमरण्याची भीती. हा हिशोब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. वातावरणात सुमारे १२ लाख अब्ज टन प्राणवायू आहे. जगातल्या सगळ्या जिवंत वनस्पतींमध्ये मिळून साधारण ४५० अब्ज टन कार्बन आहे. एकट्या अॅमेझॉनचं सोडा, पृथ्वीवरचं प्रत्येक झाड, झुडूप आणि गवताची काडी जाळली तरी १,२०० अब्ज टन प्राणवायू लागेल. म्हणजे एकूण साठ्याचा हजारावा भाग. हवेतलं प्रमाण २०.९५ वरून २०.९३ टक्क्यांवर येईल. भूरसायनशास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर यांनी १९७० मध्येच हा हिशोब मांडला होता: सगळे ज्ञात कोळसा-तेलाचे साठे जाळले तरी ३ टक्क्यांहून कमी प्राणवायू खर्च होईल. तेव्हा मरायचंच झालं तर दुसऱ्या कारणाने मरू.

त्या कारणाकडे फिरणारा मजकूर बघतच नाही. अॅमेझॉन जगाला देतं ते मुख्यतः पाणी. अटलांटिकवरून येणारे वारे बाष्प आणतात, पाऊस पडतो, झाडं मुळांनी ते पाणी ओढून पानांवाटे परत हवेत सोडतात, आणि तेच बाष्प पुढे सरकून पुन्हा बरसतं. एनेआस सलाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे दाखवून दिलं, आणि गंमत म्हणजे प्राणवायूच्याच अणूंच्या मदतीने. पाण्यातल्या प्राणवायूचे काही अणू इतरांपेक्षा किंचित जड असतात, आणि ते आधी पावसातून खाली येतात. त्यामुळे किनाऱ्यापासून आत जावं तसा पाऊस ‘हलका’ होत गेला पाहिजे. सलातींना ही घट अपेक्षेपेक्षा बरीच कमी आढळली, कारण जंगल पडलेलं पाणी वारंवार वर पाठवत होतं. झाडांनी दिवसाला हवेत सोडलेलं पाणी सुमारे २० अब्ज टन भरतं, असा एक अंदाज आहे. खुद्द अॅमेझॉन नदी समुद्रात जेवढं ओतते त्याहून थोडं जास्तच! या प्रवाहांना ‘उडत्या नद्या’ म्हणतात. अँडीजच्या भिंतीला थडकून त्या दक्षिणेला वळतात आणि पॅराग्वे, दक्षिण ब्राझील, उत्तर अर्जेंटिनाच्या शेतांवर बरसतात. म्हणजे ज्या सोयाबीनसाठी जंगल तोडलं जातं, त्याचंही पाणी तिथूनच येतं.

आणखी एक मजकूर अलीकडे फिरतो, तो या टोकाचा: ‘अॅमेझॉनचा प्राणवायू शून्य हे सिद्ध झालंय, मग जंगलाच्या जागी लागवड केली तर बिघडलं कुठे? हिरवं ते हिरवंच.’ इथे शून्य आहे तो प्राणवायूचा वर्षाचा ताळेबंद. कार्बनचा साठा शून्य नाही. अॅमेझॉनच्या झाडांत आणि मातीत मिळून १०० अब्ज टनांहून जास्त कार्बन आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळून जग वर्षाला साधारण १० अब्ज टन हवेत सोडतं. लुसियाना गात्ती आणि सहकाऱ्यांनी २०१० ते २०१८ अशी नऊ वर्षं लहान विमानांतून अॅमेझॉनवरच्या हवेचे नमुने घेतले. तोड सर्वात जास्त झालेला आग्नेय भाग कार्बन शोषण्याऐवजी सोडू लागल्याचं त्यांना दिसलं.

लागवडीचं म्हणाल, तर इंडोनेशियाने तेही करून पाहिलं आहे. १९९० च्या दशकात बोर्निओतल्या मध्य कालिमंतानमध्ये सुमारे १० लाख हेक्टर दलदलीच्या जंगलात भातशेती करायचं ठरलं. हजारो किलोमीटरचे कालवे खणून तिथलं पाणी काढून टाकलं. त्या जमिनीत मातीऐवजी पीट होतं, म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली न कुजता साचलेला पालापाचोळा. १९९७ च्या एल निनोत ते वाळलेलं पीट पेटलं आणि जमिनीखाली महिनोन्‌महिने धुमसत राहिलं. भात जवळजवळ पिकलाच नाही.