फुकटात कोऱ्या सह्या, आणि दोन हजारांसाठी महिनाभर घासाघीस

जुनी मोटारसायकल विकणं हे खरं तर आठवड्याभराचं काम. त्याचे चार महिने करून दाखवण्यात आपल्या लोकांचा हात कोणी धरणार नाही. किमतीवर असे अडून बसतात की जणू वडिलोपार्जित जमीन विकायला काढली आहे. आणि एकदा का आकडा ठरला, की टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलायच्या अर्जावर, कोऱ्या सह्या ठोकायच्या, चावी द्यायची आणि नोटा मोजत घरी. जिथे ताणून धरायचं तिथे ढिले, जिथे सोडायचं तिथे ताठ. बघून बघून डोकं फिरतं.

आधी किमतीचं. "मला ९५ हजारांना पडली, ७० तरी आलेच पाहिजेत." का आले पाहिजेत? त्या ९५ मध्ये रोड टॅक्स होता, इन्शुरन्स होता, शोरूमवाल्याने गळ्यात मारलेला क्रॅश गार्ड, सीट कव्हर आणि ते ‘हँडलिंग’ होतं. टॅक्स सरकारजमा झाला, इन्शुरन्स वापरून संपला, सीट कव्हर फाटलं. यातलं पुढच्या माणसाने तुम्हाला काय म्हणून भरून द्यायचं? तुमच्या पावतीशी त्याला काडीचं देणंघेणं नाही. तो एवढंच बघतो की हीच गाडी आज नवी घेतली तर कितीला पडेल.

आणि तो आकडा खाली आलाय, हे पचवायला कोणी तयार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे शोरूमला १ लाखाची गाडी, कर पूर्ण उतरवला तर, ९२ हजारांच्या आसपास. नवी आठ हजारांनी खाली आल्यावर जुनी जुन्याच भावाला कशी जाईल? त्याच्या वर्षभर आधी गाडी घेतलेल्यांना हा फटका सगळ्यात जास्त बसला, आणि सगळ्यात जास्त वाद तेच घालतात. ३५० सीसीच्या वर उलटं झालं, तिथे कर ४० टक्के झाला. तेव्हा जुन्या साडेसहाशे सीसीच्या मालकाने जरा मान ताठ ठेवली तर ठीक आहे. स्प्लेंडर, शाईन, पल्सर १५० वाल्यांनी तो ताठा उसना आणू नये.

आकडा काढायला ज्योतिषी लागत नाही. इन्शुरन्सवाल्यांचा आयडीव्हीचा, म्हणजे विम्यासाठी गाडीची किंमत धरायचा, तक्ता आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तिसऱ्याला ३०, चौथ्याला ४०, पाचव्याला ५०. ही घट शोरूमच्या किमतीवर धरतात, ऑन-रोडवर नाही. हा काही बाजारभाव नव्हे, पण पाय टेकायला जागा मिळते. ज्या गाडीचे पार्ट गल्लीतल्या दुकानात मिळतात ती या तक्त्याच्या वर जाते. जिच्या साध्या क्लच केबलसाठी आठवडाभर थांबावं लागतं ती खाली जाते, मग ती दिसायला कितीही देखणी असो.

समजा १२५ सीसीची गाडी आहे, पाच वर्षं पूर्ण होत आलीत, तुम्ही पहिलेच मालक, आज तीच नवी शोरूमला ८० हजार. तक्त्याने ४० हजार. चालणारं मॉडेल आहे, गाडी नेटकी ठेवली आहे, तर ४५ धरा. आता खाली बसून गाडीकडे बघा. मागचा टायर गुळगुळीत, साधारण १८०० गेले. चेन किट संपत आलंय, १३०० गेले. सेल्फ सकाळी कुरकुरतो, म्हणजे बॅटरी, १४०० गेले. राहिले ४०,५००. जाहिरातीत ४४ लिहा, ४० च्या खाली जायचं नाही असं मनात ठरवा, संपलं. पण नाही! शेजारच्या जाहिरातीत कोणीतरी ५८ लिहिलंय ना, म्हणून आपणही ५५. अहो, ती ५८ वाली जाहिरात दोन महिने तिथेच पडून आहे. ते मागणं आहे, विकलेला भाव नाही. त्या भावाला घेणारा सापडला असता तर जाहिरात उतरली असती, एवढं तरी लक्षात घ्या.

वर्षाचाही घोळ घालतात. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. डिसेंबर २०२० ला बनलेली गाडी फेब्रुवारी २०२१ ला पासिंग झाली म्हणून तुम्ही ‘२०२१ मॉडेल’ म्हणता, आणि घेणारा २०२० म्हणतो. त्याचं बरोबर आहे. विकायचीच असेल तर डिसेंबर उजाडायच्या आत विका. १ जानेवारीला गाडी उभ्या जागी वर्षाने म्हातारी होते. १३-१४ वर्षांच्या गाडीचं गणित तर आणखी वेगळं. १५ वर्षांनी पुन्हा नोंदणी, तपासणी, पर्यावरण कर हे सगळं घेणाऱ्याच्या डोक्यावर येणार, आणि ते तो तुमच्याच किमतीतून कापणार. इथे आयडीव्ही बियडीव्ही काही चालत नाही, इंजिन कसं आहे आणि आरसीला किती दिवस उरलेत एवढंच.

खर्च कुठे करायचा, तिथेही अक्कल गहाण. अख्ख्या गाडीला रंग मारून आणतात. ताज्या रंगाची पाच वर्षांची गाडी दिसली की जाणत्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो, ठोकली कुठे होती? त्यापेक्षा ओरखडे राहू द्या. बोअर-पिस्टनचं काम विकण्यासाठी काढू नका. पाच-सहा हजार जातील आणि वर ‘इंजिन उघडलंय’ हा शिक्का बसेल. करायचं ते स्वस्तातलं, पण टेस्ट राईडला लगेच जाणवणारं. हँडल मध्यावर अडकल्यासारखं होत असेल तर कोन सेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग. ब्रेक मारल्यावर पुढून कट् कट् येत असेल तरी आधी तोच बघा. फोर्कवर तेलाची रेघ असेल तर ऑईल सील. ब्रेक शू, ऑईल, चेन साफ करून ताण नीट, हॉर्न, सगळे दिवे, चांगलं वॉशिंग. दोन-अडीच हजारांत होतं आणि घेणाऱ्याच्या हातातले भाव पाडायचे निम्मे मुद्दे जातात. आणि तो बाहेरचा फटफट सायलेन्सर काढून कंपनीचा परत बसवा. त्याचे पैसे कोणी देत नाही, पोलीस मात्र घेतात.

आता हुशारीचे नमुने. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी दहा मिनिटं चालू ठेवून गरम करून ठेवणारे. का, तर थंड इंजिनला चोक ओढूनही चार किका लागतात, टॅपेट वाजतात आणि पहिल्या मिनिटात निळा धूर दिसतो. येणारा इंजिनला हात लावून बघतो हो! गरम लागलं की तो हसून निघून जातो आणि तुम्ही म्हणता, "सिरियस गिऱ्हाईकच नाही राहिलं." किलोमीटर मागे फिरवणारे तर त्याहून दिव्य. मीटरवर १८ हजार, आणि फूटरेस्टचं रबर झिजून लोखंड दिसतंय, ब्रेक पेडल चकचकीत, चावीचे दात बोथट. टायरवरचे चार आकडे तर कोणालाही वाचता येतात. २२२१ म्हणजे २०२१ चा बाविसावा आठवडा. १८ हजार चाललेल्या २०१९ च्या गाडीला दोन्ही टायर २०२१ चे कसे, याचं उत्तर आधी तयार ठेवा.

घेणारेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. फोन उचलला की नमस्कार नाही, गाडीचं नाव नाही, "लास्ट किती?" अरे बाबा, पहिली किंमत तरी ऐक! गाडी न बघता जो लास्ट विचारतो तो बहुतेक वेळा दलाल असतो किंवा रिकामटेकडा. उत्तर एकच, गाडीसमोर उभं राहून बोलू. दुसरा येतो तो मित्राला घेऊन, मित्र ‘मेकॅनिक’. तो पाच मिनिटं थ्रॉटल पिळतो, जीभ टाळूला लावून चक् चक् करतो आणि "दहा हजारांचं काम आहे" म्हणतो. कुठलं काम, कुठला पार्ट, कागदावर लिही म्हणा. हवा निघते. टेस्ट राईडला लायसन्सचा फोटो काढल्याशिवाय चावी द्यायची नाही, आणि एक तर त्याची गाडी-चावी आपल्याकडे, नाहीतर आपण मागच्या सीटवर. आणि जो गाडी न बघताच पूर्ण पैसे पाठवतो म्हणतो, आपण लष्करात आहोत म्हणतो आणि क्यूआर कोड पाठवतो, त्याचा फोन तिथेच ठेवा. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. इतकी वर्षं झाली तरी माणसं पिन टाकतात.

एवढं सगळं निस्तरून सौदा होतो आणि मग येतो तो क्षण, ज्याच्यासाठी हा सगळा त्रागा. "फॉर्मवर सह्या करून देतो, तुम्ही करून घ्या ट्रान्सफर."

तो करत नाही. कशाला करेल? गाडी त्याच्याकडे आहे, चलान तुमच्या मोबाईलवर येतंय. दलालाने घेतली असेल तर तो मुद्दामच करत नाही, कारण त्याला ती आपल्या नावावर नकोच असते. तो त्याच कोऱ्या फॉर्मवर तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला. कायद्याच्या लेखी मालक म्हणजे ज्याच्या नावावर आरसी तो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात नेमकं हेच सांगितलं: गाडी हातोहात विकत गेली होती, अपघात झाला, इन्शुरन्स नव्हता, आणि भरपाईची जबाबदारी कागदोपत्री मालकावर आली. दोन हजारांसाठी महिनाभर भांडलेला माणूस लाखांचा धोका सहीच्या एका फटकाऱ्यात मोफत देऊन येतो!

नियम तर स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करायची. कळवायचा फॉर्म २९, दोन प्रती. ट्रान्सफरचा अर्ज फॉर्म ३०. दोन्हींवर घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख आधी भरा, मगच सही करा. कोरी जागा एकही नको. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज त्याच्यासमोर बसून भरा, अर्ज क्रमांक स्वतःकडे ठेवा. दुचाकीची मूळ ट्रान्सफर फी शे-दीडशेच्या घरातली, वर स्मार्ट कार्डाचे वगैरे. एजंट जे दोन-तीन हजार सांगतो त्यात बाकीचं काय असतं ते त्यालाच विचारा. तरीही घेणारा टाळत असेल तर तीन हजार त्याच्या पैशांतून धरून ठेवा, नाव बदललं की परत. इथे अडून बसा ना, इथे कोण अडवतंय?

आणि हे गिऱ्हाईक दारात आल्यावर शोधायचं नसतं. कर्ज फिटलं म्हणजे आरसीवरचा बोजा आपोआप जात नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे त्या नव्या सुरक्षा नंबर पाट्या हव्यात, महाराष्ट्रात दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी. त्या नसतील तर ट्रान्सफरचं काम होत नाही. पीयूसी चालू हवं, इन्शुरन्स चालू हवा, थकलेली ई-चलानं भरलेली हवीत. कोल्हापूर-सावंतवाडीकडे घेणारा बेळगावचा किंवा गोव्याचा निघाला तर फॉर्म २८ ची एनओसी लागते, आणि तिकडचा टॅक्स तो किमतीतून मागणार, हे आधीच धरून चाला. डीलरला देत असाल तर तो आरटीओकडे नोंदलेला आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरकडे गाडी सोपवताना फॉर्म २९सी ने कळवता येतं आणि पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. ‘नोंदलेला’ म्हटल्यावर जो विषय बदलतो, त्याने पाच हजार जास्त दिले तरी देऊ नका.

इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, तुमचा असतो, गाडीचा नव्हे. कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, नव्या गाडीला तीन वर्षांपर्यंत वापरता येतं. मोटारसायकलच्या प्रीमियममध्ये फार मोठी रक्कम नसते, पण सोडायची कशाला? पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला घेणाऱ्याला १४ दिवस असतात, त्यालाही तसं सांगा.

गाडी हातातून सोडताना डिलिव्हरीच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहा, मिनिटांसकट, दोघांच्या सह्या, त्याच्या आधारची प्रत. संध्याकाळी सव्वासहाला दिलेली गाडी साडेसहाला सिग्नल तोडते. महिन्याने एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव बदललंय का बघा. नसेल तर त्याला फोन, आणि लगेच आरटीओत लेखी अर्ज, पोच घेऊन. आणि हो, दुसरी चावी शोधून ठेवा. ती नसेल तर तो पाचशे कापेल. कापू द्या.