बफे यांच्या वाक्यातला ‘च’ कुठे गेला?

गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या आमच्या डिचोली-साखळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय: ‘खरा गुंतवणूकदार गर्दीच्या उलट जातो. मेंढरं घाबरून विकतात तेव्हा तो घेतो. त्याची कशावर श्रद्धा नसते, शब्दांशी देणंघेणं नसतं, तो फक्त आकडे बघतो. बफे हेच सांगतात.’ आमच्याकडची तरुण मुलं हे वाचून पैसे घालताहेत, म्हणून लिहितो.

आधी बफे, म्हणजे अमेरिकेतले नामवंत गुंतवणूकदार वॉरन बफे. आपल्या कंपनीच्या भागधारकांसाठीच्या 1986 सालच्या पत्रात ते म्हणतात की इतर घाबरलेले असतील तेव्हाच लोभ धरायचा. संदेशात तो ‘च’ गळला. लोक भ्याले नसतील तर घेऊ नका, एवढंच ते वाक्य सांगतं. भ्याले की घ्याच, असं नाही. एक अक्षर गेलं आणि अटीचा हुकूम झाला.

शब्दांशी देणंघेणं नसतं, हे तर खाणपट्ट्यात कुणी म्हणूच नये. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि आपण ‘खाणी बंद आहेत’ म्हणू लागलो. बंद दुकान उघडतं, बंद पडलेली गाडी चालू होते. या शब्दातच ‘परत सुरू’ दडलेलं असतं. लोक खनिज वाहणारे ट्रक विकत होते तेव्हा माझ्या मावसभावाने दोन ट्रक स्वस्तात उचलले. एप्रिल 2014 मध्ये ‘बंदी उठली’ ही बातमी आली आणि त्याने पेढे वाटले. त्याच निकालात लिहिलं होतं की खाणींच्या लिजांची (भाडेकरारांची) मुदत 2007 सालीच संपली आहे. उत्खननावर वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादाही घातली होती. बंदीपूर्वी गोव्यातून होणारी निर्यात 5 कोटी टनांच्या घरात होती. आम्ही कुणी यातलं काही वाचलं नाही. 7 फेब्रुवारी 2018 रोजी 88 लिजांचं नूतनीकरण न्यायालयाने रद्द केलं. तरी घरात ‘बंद’च म्हणत राहिले, म्हणून ट्रक आणखी दोन पावसाळे अंगणात गंजले.

श्रद्धा नसते? उलट जाणं हीच माझ्या मावसभावाची श्रद्धा होती. उलट जाऊन जिंकलेले लोक असे नव्हते. गुंतवणूकदार जॉन टेम्पलटन यांनी 1939 मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, डॉलरभर किंवा त्याहून कमी भावाचे 104 कंपन्यांचे शेअर घेतले. त्यांतल्या 34 दिवाळखोरीत होत्या. कोणती तगेल हे आपल्याला कळतं, असं त्यांनी धरलं नाही, म्हणून पैसे सगळ्यांत वाटले. दुसरे गुंतवणूकदार मायकल बरी यांनी अमेरिकेतली गृहकर्जं बुडतील अशी पैज लावली ती त्या कर्जांवर काढलेल्या रोख्यांची कंटाळवाणी कागदपत्रं वाचून.

आणि ‘मेंढरं’. या शब्दाची मला सर्वांत जास्त भीती वाटते, कारण तो एकदा तोंडी बसला की समोरच्याचं ऐकायची गरजच उरत नाही. ट्रक दारात आले त्या दिवशी मावशीने विचारलं होतं, “खाण सुरू झाली तरी दिवसाला खेपा किती मिळतील रे?” मावसभाऊ म्हणाला, “आई, तू सगळ्यांसारखंच बोलतेस.”