सड्यावर फाटलेला टायर आणि माझा अर्धवट हिशेब

नमस्कार दादा,

फुल सस्पेन्शन (दोन्ही चाकांना धक्के शोषणारे शॉक असलेल्या) सायकलचं वजन कमी खर्चात कसं उतरवावं, या माझ्या लेखाखाली तुम्ही देवगडहून लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण दोन मुद्द्यांसाठी मला सायकल पुन्हा काट्याला टांगावी लागली. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. माझ्या सांगण्यावरून तुम्ही हलका टायर घातला, तो सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर, बाजूने फाटला आणि तुम्हाला भर दुपारी सात किलोमीटर सायकल ढकलत न्यावी लागली. पुढचा डिरेलर (पेडलजवळ चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) काढून चौदाशे रुपयांत ३८० ग्रॅम वाचवल्याचा माझा हिशेब तुम्हाला खोटा वाटतो. फुल सस्पेन्शन विकून हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली सायकल) घ्यावी, असं तुमचं मत. आणि शेवटी, ‘आधी पोट कमी करा, मगे सायकलीचा बघा.’

टायरचं आधी बोलतो, कारण तिथे चूक माझी आहे.

मी ६५० ग्रॅमचा टायर सुचवला होता. तो मी स्वतः वापरला होता थंडीत, गणपतीपुळ्याहून जयगडकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर आणि आजूबाजूच्या लाल मातीच्या वाटांवर. सड्यावर तो नेलाच नव्हता, आणि लेखात हे लिहायचं राहिलं. कोकणात सायकल चालवणाऱ्याला टायर सुचवायचा आणि सड्याचा उल्लेखही करायचा नाही, हे बेजबाबदारपणाचं होतं. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमा मागतो.

जांभा खाणीतून ताजा काढला की मऊ असतो, म्हणून तर चिरा कापता येतो. उघड्यावर आला की तो कडक होत जातो, आणि कातळाचा वरचा थर जिथे फुटतो तिथल्या कडा पात्यासारख्या राहतात. चिरेखाणीच्या कडेला टाकलेल्या ढलप्या त्याहून वाईट. टायरच्या माथ्यावर रबर जाड असतं, ते निभावून नेतं. पातळ टायरची बाजू म्हणजे मात्र कापड आणि त्यावर रबराचा एक हात, एवढंच. काट्याचं भोक टायरच्या आत ओतलेलं पातळ सीलंट बुजवतं. दोन सेंटिमीटरच्या चिरेतून ते नुसतं वाहून जातं.

मी पुढच्याच आठवड्यात दोन्ही टायर बदलले. आता ८६० ग्रॅमचे आहेत, बाजूला जादा थर असलेले. माझे मूळ टायर तारेच्या कडेचे, घडी न होणारे होते, प्रत्येकी १०२० ग्रॅमचे. म्हणजे घडी होणारे, मजबूत बाजूचे टायर घेऊनही जोडीमागे ३२० ग्रॅम वाचतात. शिवाय ट्यूब गेली. २९ इंची साधी ट्यूब दोनशे ग्रॅमच्या वरच भरते. तिच्या जागी सीलंट, टेप आणि व्हॉल्व्ह मिळून माझ्याकडे सव्वाशेच्या आत बसतात. चाकामागे शंभरेक ग्रॅम म्हणजे फार नाही, पण खरा फायदा वेगळा आहे. ट्यूब नसल्यामुळे हवा कमी ठेवता येते (मी पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय ठेवतो) आणि कातळावर चाक उड्या मारत नाही. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, तेव्हा दर दोन महिन्यांनी टायर उघडून बघा.

टायरच्या भरात मी आणखी एक वाक्य लिहिलं होतं, की चाकातला एक ग्रॅम बाकीच्या सायकलवरच्या दोन ग्रॅमांइतका. हे फक्त वेग वाढवताना खरं आहे, आणि तेही रिम-टायरच्या कडेच्या वजनाबाबत. एका संथ लयीत घाट चढताना ग्रॅम तो ग्रॅमच. सड्यावर मात्र दर वीस पावलांवर सायकल मंदावते आणि पुन्हा उचलावी लागते, तिथे तो फरक पायाला कळतो. फुल सस्पेन्शनमध्ये आणखी एक गोष्ट असते. चाक जितकं हलकं, तितकं ते दगडावरून लवकर वर जाऊन लवकर खाली येतं आणि शॉकला आपलं काम करता येतं. म्हणून वजन चाकातून उतरवावं हे मी आजही म्हणेन, फक्त टायरच्या बाजूतून नाही.

आता तुमचा दुसरा मुद्दा. माझा हिशेब खोटा नव्हता, पण अर्धवट होता, आणि वाचणाऱ्याच्या खिशाला दोन्हींचा फटका सारखाच. पुढचा डिरेलर, त्याचा शिफ्टर, केबल आणि दोन चेनरिंग (पेडलजवळच्या दातेरी चकत्या) काढून एकच बसवली. खर्च चौदाशे, बचत ३८० ग्रॅम, हे काट्यावर खरं उतरलं होतं. पण पूर्वी माझा सगळ्यात हलका गिअर पुढे २४ दात, मागे ३६ असा होता. एकच ३० दातांची रिंग ठेवली आणि मागे ३६च राहिले, तर पेडलच्या एका फेऱ्याला चाक पूर्वीपेक्षा सव्वापट फिरतं. त्या गिअरवर दाणोलीहून आंबोली चढून बघा. पहिल्या वळणांतच गुडघे बोलायला लागतात. म्हणून मागची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) ४२ दातांपर्यंतची घ्यावी लागली. ती ३,६०० रुपयांना पडली आणि जुनीपेक्षा ८० ग्रॅम जड निघाली. म्हणजे एकूण पाच हजार रुपयांत ३०० ग्रॅम. ग्रॅममागे पावणेचार रुपये नव्हेत, जवळजवळ सतरा. आणि एवढं करूनही सगळ्यात हलका गिअर पूर्वीपेक्षा थोडा जडच आहे.

हे सगळं तुम्ही दोन ओळींत विचारलं होतंत. तेव्हा सल्ला बदलतो. फोंडा, आंबोली, कुंभार्ली असे घाट नेहमी चढणार असाल, तर पुढच्या दोन रिंग राहू द्या. ज्यांचा पुढचा डिरेलर खाऱ्या हवेने जाम झालाय आणि कॅसेटही झिजलीय, त्यांनीच हा बदल करावा, म्हणजे निम्मा खर्च एरवीही करायचाच होता असं होतं. १२ गिअरवाल्यांनाही हेच लागू. शिमानोची १० ते ५१ दातांची कॅसेट चढत्या दर्जाच्या तीन प्रकारांत मिळते: डिओरेमध्ये सुमारे ५९० ग्रॅम, एसएलएक्समध्ये ५३५ आणि एक्सटीमध्ये ४७० भरते. चांगली चालणारी डिओरे काढून एक्सटी बसवणं म्हणजे १२० ग्रॅमसाठी पैसा ओतणं. ती झिजेल तेव्हा एक पायरी वरची घ्या.

बाकीची बचत अशी: हलक्या खोगिरामुळे ११० ग्रॅम, नायलॉनच्या पेडलमुळे १३०, आणि रिफ्लेक्टर, बार-एंड, न वापरलेले क्लॅम्प वगैरे काढून १४० ग्रॅम. यात वाद नाही, हे कोणीही करावं.

खाऱ्या वाऱ्याचा रकाना मात्र पहिल्या लेखात पूर्ण सुटला होता. मी एकदा चाक नव्याने बांधून घेताना ॲल्युमिनियमचे निपल (आरा रिमला घट्ट धरणारे छोटे नट) घातले. पितळी निपल साधारण एक ग्रॅमचा, ॲल्युमिनियमचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा. ३२ आऱ्यांच्या चाकात वीसेक ग्रॅम वाचतात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर सायकल नुसती भिंतीला टेकवून ठेवलेली असताना टक् असा आवाज यायचा आणि एक आरा सैल झालेला दिसायचा. निपलची डोकी गंजून तुटत होती. किनाऱ्यावर राहणाऱ्याने पितळच वापरावं. टायटॅनियमचे स्क्रू, कार्बनचा सीटपोस्ट (खोगिराखालचा दांडा) यांचंही तेच. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला ते खाऱ्या ओलीत चिकटतात, ॲल्युमिनियम आतून पांढरं होऊन फुगतं आणि मग काहीही केलं तरी पोस्ट हलत नाही. मागच्या शॉकच्या जोडांचे बोल्ट तर वजनासाठी कधीच बदलू नयेत. डिस्क ब्रेकची चकतीही लहान करू नका. पावसात घाट उतरताना ते चाळीस ग्रॅम फार महागात पडतील.

हार्डटेलबद्दल तुमच्याशी सहमत आहे, जर नवी घ्यायची असेल आणि पैसे मोजकेच असतील तर. त्याच किमतीत ती हलकी मिळते आणि खाऱ्या हवेत बेअरिंगही कमी सांभाळावी लागतात. पण ज्याच्याकडे फुल सस्पेन्शन आधीच आहे त्याला ‘विका’ सांगणं म्हणजे निम्म्या किमतीत घालवा सांगणं. आणि कशेळी, बारसू, देवीहसोळकडच्या सड्यांवर तासभर हार्डटेल चालवली की माझी कंबर दोन दिवस धरते. (त्या बाजूला जाणाऱ्या सगळ्यांनाच विनंती: कातळशिल्पांवरून चाक नेऊ नका. हजारो वर्षं टिकलेली रेघ आहे ती. शंका आली तर उतरून चाला.)

आता पोट. घाटापुरतं तुमचं म्हणणं गणितात बसतं. मी ७४ किलो, सायकल पूर्वी १५.९, पाणी आणि हत्यारं दोन किलो, असे सगळे मिळून ९२. टायर बदलल्यानंतर सायकल आता १४.७ आहे, म्हणजे खरी बचत १.२ किलो, लेखात लिहिलेली १.६ नव्हे. एकूण वजनाच्या सव्वा टक्का. आंबोलीला मला ऐंशी मिनिटं लागतात, त्यात जेमतेम एक मिनिट वाचेल. तेवढ्यासाठी कोणी खर्च करू नये.

पण आमचं घर पाखाडीच्या वर आहे. रस्त्यापासून ७१ पायऱ्या, आणि सायकल दर वेळी खांद्यावर. ती आता माझ्यापेक्षा माझी भाची जास्त चालवते. तिचं वजन ४६ किलो. १५.९ किलोची सायकल म्हणजे तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. दगडांचा गडगा ओलांडताना, तरीवर (खाडी पार करायच्या जागी) छोट्या होडीत सायकल चढवताना, पाखाडी चढताना तिने कोणतं पोट कमी करायचं? ती गेल्या वर्षी निम्म्या पायऱ्यांवर थांबून सायकल टेकवायची. आता एका दमात वर आणते. मी हा सगळा खटाटोप त्यासाठी केला, आणि लेखात घाटाच्या मिनिटांबद्दलच लिहीत बसलो. ते आधीच लिहायला हवं होतं.

पाण्याबद्दल एक. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे थंडीत वाड्या-वाड्यांतून जाताना मी एकच बाटली नेतो. कुठल्याही घरी पाणी मिळतं, बहुतेक वेळा गुळासकट. एप्रिल-मेमध्ये सड्यावर मात्र ना घर ना सावली. तेव्हा तीन लिटर न्या आणि वजनाचा विचारही करू नका.

मूळ लेखात टायर, डिरेलर आणि एकूण वजनाचे आकडे दुरुस्त केले आहेत आणि दुरुस्ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे झाली हेही लिहिलं आहे. तुमचा फाटलेला टायर टाकून देऊ नका. चीर दोन-अडीच सेंटिमीटरच्या आत असेल तर जाड नायलॉन दोऱ्याने शिवून आतून टायरचा पॅच लावा; डांबरी रस्त्याला तो टायर अजून एक हंगाम जाईल, तेही या सायकलला मागे किंवा पुढे नाही, तर दुसऱ्या साध्या सायकलला, ट्यूब घालून. पॅच लावण्याआधी आतलं सुकलेलं सीलंट पूर्ण खरवडून काढा. त्यावर सोल्युशन धरत नाही.