गायब करणाऱ्या चादरीचा व्हिडिओ खोटा आहे

ऐरोलीच्या आमच्या सोसायटी ग्रुपवर परवापासून फिरतोय तो, माणूस चादर पुढे धरतो नि गायब, खाली 'शास्त्रज्ञांनी शोधलं, लवकरच बाजारात'. अहो नीट बघा, मागच्या झाडाची फांदी वाऱ्याने हलतेय पण चादरीच्या आतला तुकडा ढिम्म, म्हणजे हिरवं कापड धरलं नि एडिटिंगमध्ये त्या जागी आधी काढलेलं मागचं चित्र चिकटवलं, बाकी काही नाही.

खरं काय तर २००६ ला अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत तांब्याचा छोटा सिलिंडर लपवला होता, तोही मायक्रोवेव्ह लहरींपासून, डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशापासून नाही, एकाच फ्रिक्वेन्सीला, आणि अर्धवटच. लपवायचं म्हणजे प्रकाश वस्तूभोवती वळवून पलीकडे काढायचा, आणि डोळ्याला दिसणारा प्रकाश म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी, सगळे रंग एकदम वळवायचे. आता गंमत बघा, वळसा घालून जाणाऱ्या प्रकाशाला लांबचा रस्ता पडतो पण पोचायचं सरळ जाणाऱ्याच्याच वेळेला, म्हणजे हवेतल्या प्रकाशापेक्षा जास्त स्पीड पाहिजे, एका फ्रिक्वेन्सीला हे जमवता येतं, सगळ्या रंगांना एकदम नाही, आणि वस्तू जेवढी मोठी तेवढं अवघड.

आणि समजा जमलंच, तर सगळा प्रकाश बाहेरूनच वळून गेल्यावर आतल्याच्या डोळ्यात काय जाणार, त्याला मिट्ट काळोख. असा माणूस ठाणे स्टेशनच्या जिन्यावरून उतरणार कसा ते फॉरवर्ड करणाऱ्या काकांनी सांगावं.